वाचकांचे प्रश्न : वर्षातून एक पत्र

नाताळच्या सुमारास मित्रमंडळींना पाठवल्या जाणाऱ्या वार्षिक पत्राविषयी या वेळी आमच्याकडे बरेच प्रश्न आले. सरत्या वर्षाचा वृत्तान्त एक-दोन पानांत लिहायचा, त्याच्या प्रती काढायच्या आणि शुभेच्छापत्रासोबत सर्वांना धाडायच्या, अशी ही पद्धत आहे. प्रश्न पत्राच्या मजकुराविषयी विचारलेले असले, तरी बहुतेकांच्या मुळाशी मैत्रीविषयीचीच शंका दिसते. म्हणून ते सगळे एकत्र घेतले आहेत. पहिल्या प्रश्नाला इतरांपेक्षा जास्त जागा दिली आहे, कारण त्याचे उत्तर नीट दिले तर पुढच्या उत्तरांचे काम बरेच हलके होते.

प्रश्न : आम्ही पती-पत्नी अनेक वर्षांपासून नाताळात साठेक जणांना एकच पत्र पाठवत आलो आहोत. मुलांची शिक्षणे, प्रवास, नोकरीतील घडामोडी असा सगळा तपशील त्यात असतो. गेल्या वर्षी एका जुन्या मैत्रिणीचे उत्तर आले : "तुमचे सगळे उत्तम चालले आहे हे वाचून आनंद झाला." एवढेच. ते वाचून मला का कोण जाणे, फार वाईट वाटले. माझ्या आयुष्यातील एका अत्यंत कठीण काळात तिनेच मला सावरले होते आणि माझ्या इतक्या वर्षांच्या पत्रांत त्याविषयी एक अक्षरही नव्हते, हे तेव्हा ध्यानात आले. हे पत्र लिहिणे आता बंद करावे का? की ते वेगळ्या रीतीने लिहिता येईल?

उत्तर : बंद करू नये, असे आमचे स्पष्ट मत आहे. मैत्रिणीचे वाक्य रुक्ष वाटले तरी त्यात तिचा दोष नाही. आपण वृत्तान्त पाठवलात आणि तिने त्याची पोच दिली; अहवालाला याहून निराळे उत्तर क्वचितच येते.

या प्रथेचा इतिहास थोडा गमतीचा आहे. नाताळचे पहिले छापील व्यापारी शुभेच्छापत्र १८४३ साली लंडनमध्ये निघाले, ते मुळात पत्रे लिहिण्याचा ताप वाचावा म्हणून. ब्रिटनमध्ये १८४० साली एका पेनीत देशभर कोठेही पत्र पाठवण्याची सोय झाली आणि टपाल झपाट्याने वाढले. ही व्यवस्था उभी करण्यात ज्यांचा हातभार लागला होता, त्या हेन्री कोल यांच्याच टेबलावर मग अनुत्तरित पत्रांचा ढीग साचू लागला. सर्वांना स्वतंत्रपणे लिहिणे अशक्य आणि न लिहिणे अशिष्ट, अशा पेचात त्यांनी जॉन कॅलकॉट हॉर्स्ली या चित्रकाराकडून एक चित्र काढून घेतले, ते छापले आणि ज्याला पाठवायचे त्याचे नाव व स्वतःचे नाव भरण्यापुरती जागा त्यात कोरी ठेवली. चित्राच्या मध्यभागी मेजवानीला बसलेले कुटुंब आहे आणि दोन्ही बाजूंना भुकेल्यांना अन्न व गरजूंना वस्त्र देणारी माणसे आहेत. (मधल्या चित्रात एका लहान मुलाच्या ओठांशी मद्याचा पेला दाखवल्याबद्दल त्या काळी टीकाही झाली, पण तो विषय वेगळा.) म्हणजे शुभेच्छापत्र आले ते पत्राला पर्याय म्हणून. पुढे विसाव्या शतकात प्रती काढण्याची यंत्रे हाताशी आल्यावर लोकांनी त्या शुभेच्छांसोबत पुन्हा पत्र जोडले, फक्त ते आता कोणा एकाला उद्देशून उरले नव्हते.

अमेरिकेतील नॉर्थ डकोटा राज्य विद्यापीठातील संवादशास्त्राच्या अभ्यासक अ‍ॅन बर्नेट यांनी १९६०च्या दशकापासूनची अशी पत्रे जमवून अभ्यासली, तेव्हा त्यांत एक सूर चढत गेलेला त्यांना आढळला : आम्ही किती व्यग्र आहोत, दिवस कसे भुर्रकन गेले, श्वास घ्यायलाही कशी उसंत नाही. अशा मजकुरात बढाई असते हे खरे, पण आमच्या मते त्यात एक न सांगितलेली सबबही असते. वर्षभरात भेट झाली नाही, फोन झाला नाही, याचे स्पष्टीकरण लिहिणारा आपल्या व्यग्रतेतून देऊ पाहत असतो. वाचणाऱ्यापर्यंत मात्र ते तसे पोहोचत नाही. या कुटुंबाच्या इतक्या भरगच्च वर्षात आपण कुठेच नव्हतो, एवढेच त्याच्या लक्षात येते.

आपल्या पत्रांचे नेमके हेच झाले आहे. उपाय अवघड नाही, पण त्यासाठी वाक्यांचा कर्ता बदलावा लागतो. "आम्ही अमुक केले" अशा वाक्यांच्या रांगेत कुठेतरी "तू अमुक केलेस" असे वाक्य यायला हवे आणि ते त्या एकाच व्यक्तीला लागू पडणारे हवे. "आम्हाला लाभलेल्या सर्व स्नेह्यांचे आम्ही ऋणी आहोत" हे वाक्य साठांपैकी कोणालाही चालते आणि म्हणूनच ते कोणालाच आपले वाटत नाही.

समजा, आपल्याला त्या मैत्रिणीलाच लिहायचे आहे. "तुझ्या आधाराबद्दल मी सदैव ऋणी राहीन" असे लिहिले, तर ते समारंभाच्या शेवटी उरकायच्या आभारप्रदर्शनासारखे होईल. त्याऐवजी असे काही लिहून पाहावे : "त्या वर्षी तू रोज रात्री नवाच्या सुमारास फोन करायचीस. कित्येकदा मी काही बोलतच नसे. मग तू स्वयंपाकघरातली आवराआवर करत, भांडी लावत, फोन तसाच चालू ठेवायचीस. धीर धर, असे तू मला एकदाही सांगितले नाहीस. त्या दिवसांत मला झोप लागायची ती त्या फोननंतरच, हे मी तुला कधी सांगितलेले नाही." यात एकही भारी शब्द नाही. वेळ आहे, भांड्यांचा आवाज आहे, मैत्रिणीने काय केले ते आहे, तिने काय टाळले तेही आहे आणि त्यामुळे आपल्याला काय मिळाले ते आहे. ही शेवटची गोष्ट बहुतेकांची लिहायची राहून जाते. मदत करणाऱ्याला आपण काय केले ते कदाचित आठवत असते. त्या मदतीने पुढे काय घडले, हे मात्र कोणी सांगितल्याखेरीज त्याला कळण्याचा मार्गच नसतो.

रोमन तत्त्ववेत्ता सेनेका याने उपकारांविषयी फार बारकाईने लिहिले आहे. उपकार करणाऱ्याने तो तत्काळ विसरावा आणि स्वीकारणाऱ्याने तो कधीही विसरू नये, असे त्याचे म्हणणे आहे. चांगले मित्र यातला पहिला भाग इतका चोख पाळतात, की दुसरा भाग आपण पाळला नाही तर ती गोष्ट घडली होती याला साक्षीदारच उरत नाही. आपली मैत्रीण ते सारे विसरलीही असेल. तसे असेल तर लिहिण्याची गरज उलट वाढते.

साठ जणांना असे लिहिणे शक्य नाही आणि तशी अपेक्षाही कोणी करत नाही. मानवशास्त्रज्ञ रॉबिन डनबार यांनी एका सहकाऱ्यासह २००३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, ब्रिटनमधील कुटुंबे नाताळची शुभेच्छापत्रे कोणाकोणाला पाठवतात याचीच मोजदाद केली होती. पत्रे ज्या घरांत जात, तिथली सर्व माणसे धरून ही संख्या सरासरी १५४च्या घरात भरली. मात्र डनबार यांच्याच मांडणीप्रमाणे त्यातले अगदी निकटचे वर्तुळ पाचेक जणांचे आणि त्याबाहेरचे पंधराएक जणांचे असते. तेव्हा आमची सूचना अशी, की वृत्तान्त अर्ध्या पानात संपवावा, तो सर्वांना पाठवावा आणि उरलेले अर्धे पान कोरे ठेवावे. त्या कोऱ्या जागेत दर वर्षी पाच-सहा जणांना स्वतंत्र मजकूर लिहावा. पुढच्या वर्षी दुसरे पाच-सहा जण निवडावेत. इतरांना दोन ओळी पुरेशा होतात. लिहायला बसण्यापूर्वी मुलांच्या निकालांची यादी करण्याऐवजी वर्ष एकेका महिन्याने डोळ्यांसमोरून घालवावे आणि त्या त्या महिन्यात आपल्या उपयोगी कोण पडले, एवढेच टिपून ठेवावे. ज्यांची नावे या यादीत येतात, ती माणसे अनेकदा आपल्या पत्त्यांच्या वहीत नसतात, हेही तेव्हा दिसून येते.

एक गोष्ट मात्र कटाक्षाने टाळावी. "इतकी वर्षे मी काहीच लिहिले नाही, मला क्षमा कर" अशी सुरुवात करू नये. तशी ती केली, की पत्राचा विषय पुन्हा आपणच होतो आणि बिचाऱ्या मैत्रिणीला उत्तरात आपली समजूत घालत बसावे लागते.

प्रश्न : फार वर्षांपूर्वी, माझी कसलीच पत नसताना, एक मित्र माझ्या कर्जाला जामीन राहिला होता. कर्ज फिटले, आम्ही दोघेही आपापल्या मार्गाने गेलो, आता संबंध नाताळच्या शुभेच्छांपुरता उरला आहे. त्याचे आभार मानावेत असे फार वाटते. पण इतक्या वर्षांनी लिहिले तर त्याला अवघडल्यासारखे होईल, किंवा माझे काही काम असेल असे वाटेल. शिवाय मला लिहिण्याची हातोटी नाही.

उत्तर : आपल्यासारखीच भीती बहुतेकांना वाटते आणि ती बहुधा निराधार असते, हे तपासून पाहिले गेले आहे. अमित कुमार आणि निकोलस एप्ली या संशोधकांनी २०१८ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत लोकांना आपल्यावर उपकार केलेल्या व्यक्तीला कृतज्ञतेचे पत्र लिहायला सांगितले आणि ते वाचून तिला काय वाटेल याचा अंदाजही विचारला. नंतर पत्र मिळालेल्यांना प्रत्यक्ष विचारले. लिहिणाऱ्यांना वाटले होते त्यापेक्षा वाचणाऱ्यांना अवघडलेपण कमी जाणवले आणि आनंद कितीतरी जास्त झाला. याचे कारणही विचार करण्याजोगे आहे : लिहिणाऱ्याचे लक्ष आपले शब्द नीट जमतील की नाही याकडे असते, तर वाचणाऱ्याचे लक्ष त्यातल्या आपुलकीकडे असते. तेव्हा हातोटीची काळजी सोडून द्यावी.

काम असेल असे त्याला वाटू नये, यासाठी त्या पत्रात दुसरे काहीही घालू नये. मुलाच्या नोकरीचा उल्लेख नको, "भेटायला हवे" असा आग्रह नको, फोन क्रमांकही शेवटी सहज म्हणून देऊ नये. त्याने सही केली तो दिवस आठवत असेल तर त्याचे चार ओळींत वर्णन करावे आणि त्या कर्जातून पुढे काय उभे राहिले ते सांगावे. जामीन राहणारा माणूस शेवटचा हप्ता फिटेपर्यंत मनातून थोडा धास्तावलेला असतो. त्याने ती धास्ती आपल्याला कधी दाखवली नसेल, तर तेही लिहिण्यासारखे आहे. नाताळची सवड यासाठी चांगली आहे, कारण एरवी असे पत्र अचानक आले तर माणूस दचकतो, आणि या दिवसांत पत्र येणे स्वाभाविक मानले जाते.

प्रश्न : या वर्षी माझे पती गेले. दर वर्षी आम्ही दोघे मिळून पत्र लिहीत असू. दूरच्या कित्येकांना अद्याप काही कळलेले नाही आणि त्यांची शुभेच्छापत्रे दोघांच्या नावाने येतील. आनंदाच्या सणाला अशी बातमी कशी द्यावी? आणि कृतज्ञतेचे दोन शब्द लिहावेत असे सगळे म्हणतात, पण मनात तशी भावनाच नाही.

उत्तर : तर लिहू नयेत. कृतज्ञता ही कोणी मागून देण्याची गोष्ट नाही, आणि दुःखातूनही काही चांगले निघाले असे दाखवण्याचे बंधन आपल्यावर कोणीही घातलेले नाही. या वर्षी पत्रच न पाठवण्याचा आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

तरी बातमी द्यावी लागणार असेल, तर ती पहिल्याच परिच्छेदात, सरळ शब्दांत, नाव आणि महिना सांगून द्यावी. शुभेच्छांनी सुरुवात करून तिसऱ्या परिच्छेदात मृत्यूची वार्ता दिली, तर वाचणारा उगाच अपराधी होतो, कारण तोवर तो हसतमुखाने वाचत आलेला असतो. त्यानंतर आपल्याला काय चालेल तेही स्पष्ट लिहावे : फोन चालतील की नकोत, भेटायला आलेले आवडेल की थोडे थांबावे, त्यांच्या आठवणी कोणी लिहून पाठवल्या तर हव्या आहेत का. लोकांना मदत करायची असते, पण कशी ते कळत नसल्यामुळे ते गप्प बसतात. आपण सांगितले तर त्यांचीही सुटका होते. आठवणी मागवाव्यात, असे आम्ही मुद्दाम सुचवतो. पतीचे मित्र त्यांना आपल्या आधीपासून ओळखत असतील, तर त्यांच्याजवळ असे काही असेल जे आपल्याला ठाऊकच नाही.

आणि त्या दिवसांत कोणी येऊन न विचारता वीजबिल भरले असेल, औषधांच्या बाटल्या आवरल्या असतील, तर मन तयार होईल तेव्हा त्या एकालाच वेगळे लिहावे. त्याला नाताळाची वाट पाहण्याचे कारण नाही.

प्रश्न : माझे दोन मित्र गेली कित्येक वर्षे माझ्या नाताळच्या पत्राला उत्तर देत नाहीत. त्यांची नावे यादीतून काढावीत का?

उत्तर : उत्तरावरून मैत्री मोजता येत नाही, याचा एक मजेदार पुरावा आहे. फिलिप कुन्झ या अमेरिकी समाजशास्त्रज्ञाने १९७०च्या दशकात पाचशेहून अधिक पूर्णपणे अनोळखी लोकांना नाताळची शुभेच्छापत्रे पाठवली. पाचांतल्या एकाने तरी त्याला उलट शुभेच्छा धाडल्या, काहींनी तर घरच्या हालहवालाची लांबलचक पत्रे लिहिली आणि काही जण त्यानंतरही वर्षानुवर्षे लिहीत राहिले. कोणी काही दिले की परतफेड करावी, या ओढीपोटी माणूस ज्याला ओळखत नाही त्यालाही उत्तर देतो. मग उत्तर आले म्हणजे मैत्री आहेच असे जर म्हणता येत नाही, तर उत्तर आले नाही म्हणजे ती संपली असे तरी कसे म्हणावे? परतफेडीचा दबाव जिथे वाटत नाही, अशा मित्राकडूनच उत्तर राहून जाते, असेही अनेकदा असते.

ॲरिस्टॉटलने या बाबतीत एक भेद केला आहे. अंतरामुळे मैत्री तुटत नाही, तिचा व्यवहार तेवढा थांबतो. मात्र दुरावा फार लांबला तर मैत्रीचाच विसर पडतो, असे तो म्हणतो. वर्षाकाठी येणारे एक पत्र तो व्यवहार अगदीच बंद पडू देत नाही, एवढे त्याचे काम मोठे आहे. म्हणून मित्राने स्वतः नको म्हटले असेल, पत्र परत आले असेल, किंवा संबंध बिघडल्याचे आपल्याला नक्की ठाऊक असेल, तरच नाव काढावे. एरवी दोन ओळी पाठवत राहावे आणि त्यांत "तुझे उत्तर आले नाही" हे वाक्य चुकूनही घालू नये. पण आपण मनात पाठवलेल्या-आलेल्या पत्रांचा जमाखर्च मांडत असाल आणि दर वर्षी पाकीट चिकटवताना राग येत असेल, तर मात्र न पाठवलेले बरे. तो राग मजकुरात उतरल्याशिवाय राहत नाही.

प्रश्न : आम्ही ख्रिस्ती नाही. तरीही नाताळचे पत्र पाठवणे योग्य ठरेल का?

उत्तर : मित्र नाताळ साजरा करत असेल तर त्याच्या सणाला त्याची आठवण ठेवणे केव्हाही योग्यच आहे. धार्मिक मजकुराचे शुभेच्छापत्र निवडताना आपण न मानलेल्या गोष्टी आपल्या तोंडी येणार नाहीत एवढे पाहावे. दोघांपैकी कोणीच तो सण करत नसेल, तर वर्षाअखेरीचे पत्र म्हणून लिहावे. मजकूर तोच राहतो.

प्रश्न : पत्र हातानेच लिहायला हवे का? ई-मेलने पाठवले तर त्याचे मोल कमी होते का?

उत्तर : अक्षर वाईट असेल किंवा बोटे दुखत असतील, तर हाताने लिहिण्याचा हट्ट धरू नये, न वाचता आलेल्या जिव्हाळ्याचा काही उपयोग नसतो. वृत्तान्ताचा भाग खुशाल टंकलिखित असावा, पण ज्या मित्राला स्वतंत्र लिहायचे आहे, त्याच्यापुरत्या ओळी तरी जमल्यास शाईने लिहाव्यात. ई-मेल करायची असेल तर ती एकेकाला वेगळी करावी. पन्नास पत्ते एकाच वेळी घातले, की नाव घेऊन केलेला मायनाही फुकट जातो.

दर वर्षी पाठवलेल्या पत्राची एक प्रत मात्र जवळ ठेवावी. एक म्हणजे, कोणाला काय लिहिले होते हे पाहता येते आणि त्याच मित्राला तीच आठवण पुन्हा सांगण्याचा प्रसंग येत नाही. दुसरे, दहा वर्षांची पत्रे ओळीने वाचली तर कोणती नावे पुन्हा पुन्हा येतात आणि कोणती गळाली, हे स्वतःलाच दिसते. परदेशी पाठवायचे पत्र नोव्हेंबर संपण्यापूर्वीच टपालात टाकावे. उशीर झालाच तर पाठवण्याचे रद्द करू नये. आपले कोणी आभार मानलेले पत्र जानेवारीत मिळाले म्हणून कोणी तक्रार केल्याचे आमच्या तरी ऐकिवात नाही.